सगळं निवडा, मग ग्रुप करा

कंप्युटर क्लास चालवणाऱ्याकडे दुसरं काही साठलं नाही तरी किस्से साठतात! जुळे सोलापुरातला माझा क्लास बंद होऊन दोन वर्षं झाली. रिक्षा त्या गल्लीतून गेली की मान आपोआप वर वळते. वर आता ब्युटी पार्लर आहे. खोटं कशाला बोलू, जीव तुटतो.

खरी गंमत चित्रांच्या धड्याला यायची. चौकोन, गोल, रेघा जोडून चित्र काढायचं, सगळे तुकडे निवडून ग्रुप करायचं, म्हणजे ते एकत्र हलतात. एवढंच! पण एवढ्यात माझे निम्मे केस पांढरे झाले.

*

नातेपुत्याच्या एका गुरुजींनी झकास ट्रॅक्टर काढला. ग्रुप करायला विसरले आणि दिला ओढून.

"सर, ट्रॅक्टर गेला की फुडं, चाकं हितंच!"

"मग आता ग्रुप करा."

"करतो. पन आदी डायवर कुटं पडला बगू द्या!"

*

तुकडे निवडताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं. आमचे माळीभाऊ, रिटायरमेंटला आलेले क्लार्क, चाळीस तुकडे निवडून बसले आणि खिशातला फोन वाजला.

"सर, जरा धरा की हे! सायबाचा फोन हाय."

आता बटण सोडलं तरी काही बिघडत नाही, हे मीच त्यांना आठवडाभर सांगत होतो. तरी दहा मिनिटं धरून बसलो! असली माणसं आता कुठून आणू?

*

एका वहिनींच्या रांगोळीत एक पाकळी चुकली. म्हटलं, अनग्रुप करा, तेवढी बदला.

"नको बाई! एकदा सुटलं की परत जमायचं न्हाय."

अख्खी रांगोळी नव्यानं काढली. चूक तीच!

*

सुनंदाताई जेऊरहून रेल्वेनं यायच्या. नवरा सरकारी कचेरीत होता, अचानक गेला. अनुकंपावर त्याच्या जागी नोकरी मिळणार होती, पण महिनाअखेरीच्या आत कंप्युटरचं सर्टिफिकेट हवं. आणि माझा नियम कडक, सराव परीक्षेत पास झाल्याशिवाय मुख्य परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही.

प्रश्न होता, आपलं घर काढा. ताईंनी दार काढलं, लिंबाचं झाड काढलं, दारात दोन खुर्च्या मांडल्या. छान ग्रुप केलं. पुढचा प्रश्न पाच मार्कांचा. अनग्रुप करा, कुठलीही एक वस्तू डिलीट करा, परत ग्रुप करा.

अनग्रुप झालं आणि ताई थांबल्या. पासला चार मार्क कमी होते, वेळ संपत आलेली. शेवटी न राहवून वाकलो आणि हळूच म्हणालो, "ताई, एक खुर्ची पुसा की. दोन आहेत."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"कुटली, सर? ह्यांची पुसू का माजी?"