फोमवाल्याचा माळा

फोमवाल्याची बायको शिंप्याकडे जाऊन राहिली, अशी कुजबुज होती. शिंपी विधुर, वर दिसायला बरा. गल्लीला आणखी काय हवं? शिंप्यालाही आत कुठेतरी गुदगुल्या होत असाव्यात. 'छे, तसं काही नाही' म्हणायला तो भलताच वेळ घ्यायचा.

फोमवाल्याचा धंदा घरं उबदार करण्याचा. दोन पिंपांतली रसायनं नळीतून एकत्र फवारायची. ती दुधासारखी उतू यायची आणि फळ्यांवर थिजून बसायची. लोकांची घरं तो निगुतीने करी, स्वतःचा माळा मात्र त्याने घाईत उरकला. थंडी तोंडावर आलेली, पिंपं नीट तापलेली नव्हती, रसायनं पुरती मिसळली नाहीत. फोम मधे मधे कच्चा राहिला. पण वास गेला, आणि धंद्यातले सगळेच मानत, वास गेला की धोका गेला. त्याने संसार माळ्यावर आणला.

बायको खोकू लागली.

"माझ्या कामाला दृष्ट लावतेस," तो म्हणाला.

"काम तुमचं, खोकला माझा. वाटणी छान झाली."

मग एका दुपारी तिचे ओठ निळे पडले आणि थट्टा संपली.

हवा तपासणाऱ्या बाईंनी यंत्र लावलं. "आकडा मर्यादेत आहे, दादा."

"मग हिला का होतं?"

"मर्यादा चारचौघांसाठी असते. यांची छाती त्या रसायनाला बिथरलीय. आता यांना थोडंही चालायचं नाही."

"थोडं म्हणजे किती?"

बाई यंत्र पिशवीत भरू लागल्या.

तिची सोय दुसरीकडे लावून तो माळ्यावर चढला आणि पात्याने फोम खरवडू लागला. वरचा थर निघाला, पण लाकडाच्या भेगांत मुरलेला निघेना. त्याने फळ्या घासल्या, तासल्या, काही उपटल्याही. दर वेळी तिला बोलावून आणी. ती उंबऱ्यापाशी येई आणि छाती धरून मागे फिरे.

"अगं, आता काही उरलं नाही."

"माझ्या छातीला सांगा ते."

तिच्याकडे जाऊन राहावं, तर त्याच्या अंगाकपड्यांना लागलेल्या रसायनानेही तिला घरघर लागे. दुसरा धंदा त्याला येत नव्हता, या वयात कोणी शिकवेना. तो जिन्याखाली बसे, ती वरून बोले. बायकोवर पहारा ठेवतो, असं गल्ली म्हणे.

माळा अजून तसाच आहे, अर्धा उपटलेला. शिंप्याशी तिचं काही नव्हतं. त्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत फोम नव्हता, म्हणून ती तिथे राहत होती.