पैसे साहेबांचे, मिशा बाबांच्या

पांढरं कापड हवेत झटकायचं, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गाठ मारायची आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. "बोला, मालक." एवढं म्हणून झालं की समोरचा बोलेपर्यंत आमचे न्हावी कात्रीला हात लावत नसत. एखादा घाईतला माणूस "काप की बाबा नेहमीसारखे" म्हणून खेकसला, तर ते शांतपणे विचारत, "नेहमीसारखे म्हंजे कसे?"

मी सिल्वासाला कारकून म्हणून आलो तेव्हा पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. टोकरखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर यांची पत्र्याची शेड होती. खुर्ची मात्र मोठी ऐटबाज, कोरीव पायांची, कुणा पोर्तुगीज अंमलदाराच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. हे मूळचे नवापूरकडचे. बोलण्यात थोडं खानदेशी, थोडं गुजराती आणि आम्हा कोकण्यांकडून उचललेलं थोडं काहीबाही. तिथं आम्ही सगळेच कुठून कुठून आलेले, त्यामुळे कुणी कुणाच्या भाषेला हसत नसे. हसलोच तर एकमेकांच्या डोक्याला हसायचो.

माझ्या डोक्याला तर महिनाभर हसले. एका कॅलेंडरवरच्या देखण्या तरुणाचे केस पाहून मला तशी हौस आली. मी चित्राचं वर्णन करून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि अगदी सांगितल्याबरहुकूम कापले. माझ्या टाळूवर दोन भोवरे आहेत. घरी जाऊन आंघोळ केली आणि आरशात पाहिलं, तर केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. दुसऱ्या दिवशी तणतणत गेलो आणि म्हटलं, तुम्हाला दिसत होतं तर आधी का नाही सांगितलंत?

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "डोकं तुमचं, मर्जी तुमची. मला वाटलं, भोवऱ्यांची तुम्हाला खबर असेल."

यावरून कचेरीत वाद रंगत. आमच्या भांडारपालांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला काय कळतं? वैद्याकडे गेल्यावर औषध आपण ठरवतो का? शाळेतल्या एका गुरुजींचं उलट. त्यांना टक्कल पडलं होतं आणि उजवीकडचे चार लांब केस ते डावीकडे आणून चिकटवत. ते केस कापा, असं सबंध सिल्वासात या न्हाव्यांशिवाय प्रत्येकानं त्यांना सुचवून झालं होतं. "तो एकच माणूस मला माणसात धरतो," असं गुरुजी म्हणत. तुमच्याही ओळखीत असे दोन पक्ष असतील. मी माझ्या तुऱ्यामुळे भांडारपालांच्या बाजूचा होतो.

मग आमच्या कचेरीच्या मोठ्या साहेबांचे वडील आले.

मोठे साहेब हुशार, कामाला वाघ, पण त्यांना सगळं नीटनेटकं लागे. आई वारल्यावर त्यांनी वडिलांना मालवणाकडच्या गावाहून बंगल्यावर आणलं होतं. म्हातारा उंच, वाकलेला आणि मिशा अशा की ओठांच्या दोन्ही कडांवरून खाली उतरून हनुवटीशी टेकलेल्या. चहा पिताना त्या बशीत बुडत. बंगल्यावर येणाऱ्या पाहुण्यांसमोर साहेबांना ते अवघड होई. म्हातारा दिवसभर व्हरांड्यात बसून असे. मी फायली घेऊन जायचो, माझी भाषा ऐकून ते डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

एका शनिवारी दुपारी मी बाकावर नंबर लावून बसलो होतो, तेव्हा जीप थांबली. साहेबांनी वडिलांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, केस बारीक करा आणि मिशा साफ काढून टाका. मी आणि बाकावरचे बाकीचे उठून उभे राहिलो होतो.

न्हाव्यांनी कापड झटकलं, गाठ मारली, हात पाठीमागे बांधले. "बोला, मालक," ते म्हाताऱ्याला म्हणाले.

म्हातारा मुलाकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "मी सांगितलं ना तुम्हाला?"

"हाव साहेब. पण बाबा अजून काही बोलले नाहीत."

"पैसे मी देणार आहे."

"पैसे तुमचे, साहेब. मिशा बाबांच्या."

शेड सरकारी जागेत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथं राहायची परवानगी दरवर्षी नव्यानं घ्यावी लागे आणि सही साहेबांची असे. न्हाव्यांनाही ते माहीत होतं. पाठीमागे बांधलेले त्यांचे हात मला बाकावरून दिसत होते, आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळलं होतं.

"गिऱ्हाईक नेहमी बराबर असतं, साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण आपल्या डोक्यापुरतं. दुसऱ्याच्या डोक्याचं मला त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. बाबांनी काढ म्हटलं तर आत्ता काढतो."

आणि ते वाट बघत राहिले. त्या वाट बघण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ धीट माणसं पाहिली. बहुतेक जण धीट होताना आवाज चढवतात.

म्हाताऱ्यानं कापडाखालून हात बाहेर काढला आणि मिशीवरून फिरवला.

"मिशी रवांदे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कानातले केस मात्र काढ. आयकाक येणा नाय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. साहेब बाहेर गेले. जीप निघून गेली आणि काम झाल्यावर वडिलांना मीच बंगल्यावर पोचवलं. वाटेत त्यांनी मला माझं गाव विचारलं, मग आडनाव, मग आमच्याकडे आंबा कसा धरलाय ते.

पुढचे काही दिवस दुकान ओस पडलं. कचेरीतले लोक केस कापायला वापीला जाऊ लागले. मी मात्र त्याच बाकावर जाऊन बसत होतो. भीती नाही वाटली का, असं मी त्यांना एकदा विचारलं. "लागली ना," ते म्हणाले. "अजून लागते." आणि वस्तरा पट्ट्यावर घासत राहिले. परवानगीचा अर्ज आमच्याच टेबलावर पडून होता आणि मुदत संपत आली होती.

मग एका रविवारी सकाळी म्हातारबा काठी टेकत एकटेच रस्त्यानं आले. बंगल्यापासून चालत. खुर्चीत बसले, कानांवरून कात्री फिरवून घेतली, आमच्याशी तासभर गप्पा मारल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. या वेळी त्यांच्या दोन पावलं मागे साहेब होते, जीपशिवाय. ते आमच्याशेजारी बाकावर बसले. आम्ही उठायला लागलो तर त्यांनी हातानं बसा म्हटलं. वडिलांचं झाल्यावर ते स्वतः खुर्चीत बसले.

"बोला, मालक."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," साहेब म्हणाले.

"असं नको, साहेब. सांगा."

साहेब आरशात बघून हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला तो म्हातारा. अर्जावर त्याच आठवड्यात सही झाली. गर्दी पुन्हा सुरू झाली, आणि भांडारपालांशी वाद घालताना मी गुरुजींच्या बाजूला गेलो.

नजर अधू झाल्यावर न्हावी नवापूरला मुलीकडे निघून गेले, ते परत आलेच नाहीत. शेडच्या जागी सायकलचं दुकान आलं. मग जवळच्या सायली गावात कारखाने आले, रस्ता रुंद झाला आणि सायकलचं दुकानही गेलं. आता मला पाय साथ देत नाहीत. गेल्या आठवड्यात माझा मुलगा मला काचेच्या दाराच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या तरुणानं माझ्या डोक्यावरून मुलाकडे बघत विचारलं, "अंकलचे एकदम बारीक करू ना? बरं पडेल तुम्हाला."

लहानपणी माझ्या या मुलाचे केस शेडमधल्या त्या न्हाव्यांनीच कापले होते. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्याला वर बसवायचे आणि मी, पैसे देणारा बाप, शेजारी उभा असताना त्यालाच विचारायचे. त्याला ते आठवतं की नाही, मला माहीत नाही.

"मला कशाला विचारता?" मुलगा म्हणाला. "त्यांना विचारा ना."

तो तरुण वळला आणि त्यानं मला विचारलं. मी आधी टाळूवरच्या दोन भोवऱ्यांवरून हात फिरवला. तोवर तो थांबला.