ली हुआचं दुसरं पत्र

कृष्णात पोवार हा गडी दिवसाला साठ पत्रं वाचायचा आणि त्यातलं एकही त्याला आलेलं नसायचं.

साठच्या साठ पत्रांची सुरुवात 'प्रिय पीटर' आणि शेवट 'तुझा, ली हुआ'. पीटर नावाचं कुणी नव्हतं आणि ली हुआ नावाचंही कुणी नव्हतं. चीनमधल्या अकरावी-बारावीच्या पोरांना इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहायला लावतात. पोर कुठलं, कुणाचं, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून खाली आपलं नाव न घालता सगळ्यांनी ली हुआ म्हणूनच सही ठोकायची, अशी तिकडची रीत. त्या परीक्षेच्या सरावाची पत्रं तिकडच्या शाळा स्कॅन करून पाठवायच्या आणि नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बावीस माणसं ती तपासायची. सन दोन हजार सातची ही गोष्ट. तेव्हा नोएडात कुठल्या मजल्यावर कुठल्या मुलखाचं काम चालेल याचा नेम नव्हता. वरच्या मजल्यावर अमेरिकेतल्या दातदुखीच्या बिलांचं काम चालायचं, खाली चीनच्या पोरांचं इंग्रजी.

बाविसांत कृष्णात सगळ्यात थोराड. बाकीची पोरंपोरी विशी-पंचविशीतली. हा फौजेच्या शिक्षण शाखेतून हवालदार म्हणून चोवीस वर्षांनी बाहेर पडलेला. रंगरुटांना नकाशा वाचायला शिकव, इंग्रजीची परीक्षा पास करून दे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचं घरचं पत्र लिहून दे, अशी सगळी हयात कागदावर गेलेली. दुसऱ्यांच्या बायकांना त्यानं इतकी पत्रं लिहिली होती की द्वारका, म्हणजे त्याची मालकीण, म्हणायची, "आख्ख्या पलटणीच्या बायका ह्यांनीच नांदवल्या. माझ्याच वाटणीला कधी धड पत्र आलं न्हाई."

शेवटची बदली दिल्ली छावणीत झाली आणि पेन्शनीवर आल्यावर दोघं गाझियाबादेत, वसुंधरेच्या एका सेक्टरात दुसऱ्या मजल्यावर राहिली. गावी का गेला नाहीस, असं बरोबरीचे फौजी विचारायचे. ते सगळे आपापल्या गावाला जाऊन विहीर पाडून, ट्रॅक्टर घेऊन बसलेले. कृष्णात म्हणायचा, "गाव पाण्यात हाय." ऐकणारा हसायचा. त्याला वाटायचं, कोल्हापूरकडचा माणूस काहीतरी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. आंबेखोल नावाचं साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव अठरा वर्षांमागं धरणाच्या पोटात गेलं होतं. तेव्हा कृष्णात आसामात होता. रजा मंजूर झाली तेव्हा पाणी चढून गेलं होतं. धाकट्या भावाचं, बाळचं, निळं अंतर्देशीय आलं. त्यात एवढंच होतं: 'पाणी तालमीच्या उंबऱ्याला लागलं. म्हशी आधी हलवल्या. वहिनी उखळासाठी रडती, पण ते निघंना.' उखळ जमिनीत पुरलेलं असतं. जातं उचलून नेता येतं, पाटा नेता येतो, उखळ न्यायचं तर घराची भुई उकरावी लागते. बाळ मग चाळीस मैलांवरच्या माळावर, सरकारनं दिलेल्या तुकड्यावर जाऊन राहिला. कृष्णात एकदाच तिथं गेला. पत्र्याची सरळ ओळीतली घरं बघून त्याला छावणी आठवली. म्हणाला, छावणीतच राहायचं तर दिल्लीची काय वाईट.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आंबेखोलची माणसं होडी करून जातात, तालमीच्या जोत्यावर बसून भाकरी खातात, असं बाळ फोनवर सांगायचा. कृष्णात दर वर्षी म्हणायचा, येतो. दर वर्षी मे महिन्यात काहीतरी निघायचंच. लेक शिवांजली गुडगावच्या एका हापिसात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायची. तिला एकदा द्वारकेनं उखळाचं सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे मिक्सीच ना, दगडाची?" द्वारका चहा ठेवायला उठली.

तर ह्या कृष्णाताला पहाटे साडेपाचला कंपनीची सुमो न्यायला यायची. चीन आपल्या अडीच तास पुढं. त्यांची शाळा भरायच्या सुमाराला इकडं दिवे लागायचे. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्याचा विषय होता: 'तुमचा परदेशी मित्र पीटर तुमच्या गावाला येणार आहे. त्याला पत्र लिहा. मुद्दे तीन. गाव कुठं आहे, बघण्यासारखं काय, आणि यायचं कसं. शब्द शंभर.'

सोमवार-मंगळवार जी पत्रं आली ती एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी. 'माझं गाव सुंदर असून त्याला मोठा इतिहास आहे. इथले लोक मनमिळाऊ आहेत. स्टेशनवरून तीन नंबरची बस घे.' पोरांना पाठ करून दिलेलं असतं, त्यांचा काय दोष. कृष्णात बावीस-तेवीस गुण देत पुढं चालला होता.

बुधवारी चव्वेचाळीसशे सतरा नंबरचा कागद पडद्यावर आला. अक्षर बारीक, ओळ जराशी वर चढणारी. लिहिलं होतं ते असं:

'प्रिय पीटर, तू येतोस म्हणालास, बरं वाटलं. पण माझ्या गावाला तुला येता येणार नाही. ते पाण्याखाली आहे. मी पाच वर्षांची असताना आम्हाला चौथ्या मजल्यावर घर मिळालं. आजीनं तीन कोंबड्या आणल्या आणि जुन्या घराचं दार आणलं. दार नव्या घराला बसत नाही. ते पलंगामागं उभं आहे. हिवाळ्यात पाणी उतरतं, मग आजी काठावर जाऊन बसते. मी विचारलं, काय बघतेस. ती म्हणाली, मुळ्याच्या लोणच्याची एक बरणी परसात पुरलेली राहिली. मी म्हणाले, आता ती कशी झाली असेल. ती म्हणाली, खारट. तुझी, ली हुआ.'

कृष्णातानं ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्याला, परत येऊन चौथ्यांदा वाचलं.

हिशेब साधा होता. भाषा चांगली, पण तिसरा मुद्दा नाही. यायचं कसं, हे लिहिलेलंच नाही. लिहिणार काय, होडी कर म्हणून? नियम असा की एखादा मुद्दा राहिला तर पंचविसातले बारापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, आणि बारा म्हणजे नापास. त्यानं टीमची मुख्य असलेल्या सोनमला बोलावलं. डेहराडूनची पोरगी, वयानं शिवांजलीएवढी. तिनं वाकून वाचलं.

"अंकलजी, पॉइंट तो मिसिंग है," ती म्हणाली. "लेकिन अच्छा लिखा है यार. पंद्रह दे दो, पास हो जाएगी. मैं देख लूँगी. आप की मर्ज़ी."

म्हणजे वाट मोकळी होती. बोट दाबायचं आणि पोरीला पास करायचं. कृष्णाताचं बोट दाबता दाबता थांबलं.

त्या कामाची एक रीत होती. पास झालेला कागद शाळेकडं जायचा आणि परत कधी दिसायचा नाही. नापास झालेला कागद मात्र शेऱ्यासकट पोराकडं जायचा, पोरानं तोच विषय पुन्हा लिहायचा, आणि आठवड्यानं तो पहिल्याच तपासणाऱ्याकडं यायचा. पंधरा दिले तर ही पोरगी इथंच संपली. बारा दिले तर ती आणखी एकदा लिहील.

बरणी सापडली का, हे त्याला विचारायचं होतं. आजी तुझी कुठं बसते, एकटीच बसते का आणखी कुणी येतं, दाराला कडी लोखंडी होती का लाकडी, हे विचारायचं होतं. पण आपल्या मनाचं लिहायला तिथं जागाच नव्हती. शेरे ठरलेले, वीस. त्यातला एक निवडायचा. कृष्णातानं सातवा निवडला: 'दिलेला मुद्दा राहिला आहे. पुन्हा लिहा.' आणि बारा गुण घातले. फौजेत चोवीस वर्षं हुकुमाप्रमाणं वागलो, आता नियमाप्रमाणं वागलो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. समजूत काही फार वेळ टिकली नाही. सोनमनं त्या दिवशी त्याच्याकडं एकदाच बघितलं आणि ती आपल्या जागेवर गेली.

घरी आल्यावर त्यानं द्वारकेला पत्र सांगितलं. ती लसूण सोलत बसली होती. बरणीपाशी आल्यावर तिचे हात थांबले.

"पोरगीच कशावरनं?" ती म्हणाली. "त्यांच्यात नाव तर एकच म्हंतासा."

"अक्षरावरनं कळतं. आणि पोरगं आजीला असं इचारतंय व्हय?"

"मग पास केलासा न्हवं?"

कृष्णातानं लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"का वं?"

"नियम हाय."

"नियम," द्वारका म्हणाली. "तुमच्या रंगरुटांस्नी नकाशा वाचता यायचा न्हाई, तवा तुमीच मागनं जाऊन बोट दावायचासा. तवा कुठं गेलता नियम?" मग लसणाची साल झटकत म्हणाली, "म्हातारी मुळा पुरून आली. मी उखळ पुरून आलो. तिचं बरं, तिला काठावर जाऊन बसता येतंय."

द्वारका आजही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणते, आमच्या मुलखातल्या बायका म्हणतात तसं. सेक्टरातल्या पुण्याकडच्या अलका वहिनी हसतात. हसू देत. दिल्लीत पंधरा वर्षं काढून बाई बोलायची बदलली नाही.

तो आठवडा कृष्णाताला सरता सरेना. सुमोतून जाताना हायवेच्या बाजूला उसाची शेतं तोडून बांधलेले मनोरे दिसायचे. सुमोवाला तिथल्याच एका गावचा. एका मनोऱ्याकडं हनुवटी उडवून रोज सांगायचा, इथं आमची म्हशींची गव्हाण होती. कृष्णात रोज हूं म्हणायचा. त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कितनी भैंसें थीं?" सुमोवाल्यानं सातही म्हशींची नावं सांगितली, आणि ऑफिस येईपर्यंत कुठली किती दूध द्यायची तेही सांगून झालं.

नापास कागद परत लिहून येतो हे कळल्यापासून द्वारका संध्याकाळी दार उघडायच्या आधीच विचारायची, "आलं का?"

"अजून न्हाई."

"बरणी कुणी उकरली म्हणायची बाई. पाण्यात गेलेलं काय गावतंय?"

पुढच्या गुरुवारी आलं. चव्वेचाळीसशे सतरा, आणि खाली लाल अक्षरात 'दुसरा प्रयत्न'. कृष्णातानं चष्मा पुसला.

'प्रिय पीटर, माझं गाव सुंदर असून त्याला मोठा इतिहास आहे. इथले लोक मनमिळाऊ आहेत. इथं नदी आणि डोंगर आहेत. तू स्टेशनवरून तीन नंबरची बस घे आणि शेवटच्या थांब्यावर उतर. मी तिथं तुझी वाट बघेन. तुझी, ली हुआ.'

अक्षर तेच होतं. ओळ मात्र आता सरळ होती. बहुधा पट्टी ठेवून लिहिलं असावं.

तीन मुद्दे होते. शब्द शंभराच्या आत होते. चूक एकही नव्हती. कृष्णातानं आधीचा कागद उघडायचा प्रयत्न केला, पण दुसरा आला की पहिला पुसला जायचा. त्यानं सोनमला विचारलं, जुना काढता येतो का. ती म्हणाली, "नहीं अंकलजी, ओवरराइट हो जाता है." मग म्हणाली, "मैंने बोला था न, पंद्रह दे दो."

"हां बेटा. बोला था."

त्यानं तेवीस गुण दिले. शेऱ्यांतला पहिला निवडला: 'उत्तम प्रगती.' कागद गेला.

परतीच्या वाटेवर सुमोवाल्यानं गव्हाण दाखवली तेव्हा कृष्णात हूं म्हणालाच नाही. वसुंधरेला उतरला, कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून दोन मुळे घेतले. का घेतले ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जिना चढून आला तर द्वारका दारातच.

"आलं?"

कृष्णातानं चपला काढल्या. मुळे ओट्यावर ठेवले. खुर्चीवर बसला. पलटणीतल्या शंभर जणांच्या नावानं शंभर जणींना पत्रं लिहिलेला माणूस तो. खोटं लिहायची सवय हाताला होती, तोंडाला नव्हती. तरी बोलायला लागला.

"आलं. लिवलंय की, यंदा पाणी लई खाली गेलं. आजी म्हणाली, चल. मग होडी केली. दोघी गेल्या."

"बरणी?"

"आजीनं पावलं मोजली. तालमीच्या उंबऱ्यापासनं वीस पावलं उगवतीला, चिंचेच्या बुंध्याच्या अल्याड. उकरलं तर हाय की बरणी. झाकण निघंना. मग दोघींनी जोत्यावर बसून दगडानं फोडलं."

"आणि?"

"खारट."

द्वारका त्याच्याकडं बघत राहिली. बाहेर ठेलेवाला ओरडत पुढच्या गल्लीत गेला. तिनं ओट्यावरचे मुळे उचलले, नळाखाली धरले, पाला मोडून बाजूला ठेवला.

"चिनात बी तालीम असत्या व्हय?" ती म्हणाली.

तिनं विळी ओढली, मुळा धरला आणि चकत्या पाडायला लागली. चार-पाच चकत्या पडल्यावर, मान वर न करता म्हणाली,

"फुडच्या खेपेला पत्र आलं, तर त्या पोरीला म्हणावं, होडी केलीसच हायस तर जरा मधल्या घरात जाऊन बघ. डाव्या हाताला एक उखळ असंल."

"म्हंतो," कृष्णात म्हणाला.