बैल सुटल्याशिवाय कुकर नाही

तो बोलण्याआधी टाळी वाजवत असे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, कोपरे ताणून, आकाशातून कुणाला तरी तातडीने खाली बोलवायचे आहे अशा आवेशाने. मग समोरच्यांकडे पाहून म्हणे, "टाळ्यांना पैसे पडत नाय, मंडळी! हात गरम करा, हात!"

समोर त्या वेळी काय चाललेले असे, तर नवऱ्यांनी बायकांच्या वेण्या घालण्याची शर्यत. किंवा फुगा पाठीला पाठ लावून फोडणे. शिकलेसवरलेले, पेन्शनीला आलेले पुरुष भर सभामंडपात वेण्यांचे गुंते करत, आणि हा त्यांच्याभोवती नाचत म्हणे, "अरे काका, वेणी घालताय का बैलाला वेसण? जोरदार टाळ्या काकांसाठी!"

असा माणूस आता प्रत्येक शहरात एक तरी असतोच. तुम्हीही पाहिला असेल. टिकल्यांचा जांभळा कोट, कानाला अडकवलेला माईक, आणि माणसे हसली नाहीत तर आपण काहीतरी अपराध केला अशी चेहऱ्यावर भीती. आमचा हा मूळचा लासूर स्टेशनचा. आठवडाभर रिक्षाला भोंगा बांधून गुलमंडीतल्या कापडदुकानांच्या सेलची हाळी देत फिरे. शनिवार उजाडला की रिक्षातला भोंगा उतरे आणि हा कोटात चढे. वाढदिवस, बारशी, मॉलमधले खेळ, वसाहतींची संमेलने, सगळीकडे तोच. गारखेड्यातल्या आमच्या वसाहतीने त्याला दर शनिवारची संध्याकाळ देऊन टाकली होती. जागा कोणती, तर महादेवाच्या मंदिराचा सभामंडप. देवाला विचारण्याची प्रथा आता राहिलेली नाही.

मी त्याच्याविषयी तुच्छतेने लिहितो आहे, हे मला ठाऊक आहे. ती लपवण्याचे मला कारण दिसत नाही. आयुष्यभर मी संस्कृत शिकवले. सांगणाऱ्यासाठी टाळी वाजवायची नसते, हे मला माझ्या गुरूंनी शिकवले. ऐकणारा हात जोडतो, सांगणारा पोथीला नमस्कार करतो, आणि दोघेही घरी जातात. टाळी ही आरतीची. मागून घेतलेली टाळी ही तर भिक्षासुद्धा नव्हे. भिक्षेला निदान काही व्रत असते.

आमच्या वसाहतीतले एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हाची गोष्ट. शोकसभेला ध्वनिक्षेपक लावायला हाच आला होता. सगळे उठून उभे राहिले, मौन पाळले. मौन संपले आणि कुणी काही बोलण्याआधी याने माईक ओढला. "इतकी सुंदर शांतता आपण राखली, त्याबद्दल स्वतःसाठीच एकदा जोरदार टाळ्या!"

त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, काहींनी वाजवल्या.

घरी येऊन मी हे संतापाने सांगितले. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या त्याच्या शनिवारच्या हौजीला नेमाने जात आणि एकदा प्लास्टिकची परातही जिंकून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला काय नावं ठेवता? तुमच्या पोथीला येऊन झोपणारी माणसं त्याच्याकडं जागी असतात."

या वाक्यात दुर्दैवाने तथ्य होते. चातुर्मासातल्या रविवारी संध्याकाळी त्याच सभामंडपात मी पोथी सांगतो. आमच्या महादेवाचे एक लहानसे संस्कृत माहात्म्य आहे, परंपरेने माझ्याकडे आलेले. श्लोक म्हणायचा, मराठीत अर्थ सांगायचा, असा सरळ क्रम. श्रोते मोजके, बहुतेक माझ्याच वयाचे. एखाद्याला डोळा लागला तरी मी थांबत नसे. पोथी ऐकता ऐकता आलेली झोप वाईट नव्हे.

त्या वर्षी श्रावणात वसाहतीचे चिटणीस घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. रविवारी फॅमिली घरी असतात. पोरांना काहीतरी पाहिजे. कमिटी म्हणते, रविवारसुद्धा 'धमाल' करून टाकू."

"आणि पोथी?"

"पोथी मंगळवारी वगैरे घ्या ना. येत्या रविवारी कमिटी येऊन बसणार आहे. माणसं दिसली तर रविवार तुमचा. नाही दिसली तर..." पुढचे त्यांनी चहाबरोबर गिळले.

रविवार हाच माझा वार होता. माझ्या गुरूंनी याच वारी ही पोथी सांगितली, आणि ती मंगळवारी 'वगैरे' सांगण्याची कल्पना मला सहन होईना. पण श्रोते गोळा करत दारोदार फिरणे हेही मला जमणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी हा दारात. जांभळा कोट नव्हता, त्यामुळे मी प्रथम ओळखलेच नाही. कोटाशिवाय तो विलक्षण लहान दिसला.

"गुरुजी, ऐकलं मी. रविवारी पब्लिक आणायचं माझ्याकडं लागलं."

"तो रविवार तुलाच मिळणार आहे," मी म्हणालो. "तू पब्लिक कशाला आणतोस?"

"मिळंल तेव्हा घेईन की. धंदा आहे, सोडतो व्हय! पण रिकाम्या खुर्च्या बघवत नाय मला. कुणाच्याबी पुढच्या असू द्या."

"पोथीला पब्लिक नसते. श्रोते असतात."

"तेच ते," तो म्हणाला, आणि आतल्या दाराकडे पाहून, "वहिनी, चहा लई झकास!" चहा अजून झाला नव्हता. सौभाग्यवती आतूनच म्हणाल्या, "येऊ दे हो त्याला. काय बिघडतंय?"

काय बिघडते, ते रविवारी कळले.

सभामंडपाच्या दारावर चकचकीत फलक होता: 'पोथी ऐका, कुकर जिंका.' आत एकही जागा मोकळी नव्हती. सतरंज्यांवर, खुर्च्यांवर, पायऱ्यांवर माणसे, आणि प्रत्येकाच्या हातात कूपन. खांबापाशी एका स्टुलावर लाल कापड अंथरून त्यावर त्याने गुलमंडीहून आणलेला प्रेशर कुकर ठेवला होता. लोक आत येत, महादेवाला उभ्याउभ्या हात जोडत आणि कुकरकडे मात्र थांबून पाहत. पहिल्या रांगेत कमिटी समाधानाने बसली होती. मला तिथूनच परत फिरावेसे वाटले. पण पोथी हातात होती, आणि पोथी घेऊन आलेला माणूस ती न उघडता परत जात नाही.

मी सुरुवात केली. त्या दिवशीची कथा बैलाची होती. ती थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढला अनर्थ लक्षात येईल.

एक व्यापारी म्हाताऱ्या बैलावर ओझे लादून नदी उतरत असतो. मध्येच बैल चिखलात रुततो. वरून पाणी चढू लागते. व्यापारी ओझे सोडवतो, दोर कापतो आणि बैलाला तिथेच टाकून निघून जातो. पाणी बैलाच्या मानेला लागते. तो कितीतरी वेळचा उपाशी. तेवढ्यात वाहत वाहत एक बेलाचे पान त्याच्या तोंडापाशी येते. बैल ते जिभेवर घेतो, पण गिळत नाही. मान वर करून ते पान तो तसेच जिभेवर धरून ठेवतो. देवाला देण्याजोगे त्याच्यापाशी तेवढेच असते.

श्लोक संपवून मी हा अर्थ सांगितला आणि पुढचा श्लोक म्हणण्यासाठी श्वास घेतला.

श्वास थोडा लांबला असेल. खांबापाशी उभ्या असलेल्या त्याला ती शांतता असह्य झाली. जांभळे हात डोक्यावर गेले. "वा! बैलासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

सभामंडप दुमदुमला. आणि टाळ्या म्हणजे समाप्ती, हे त्यानेच त्यांना शिकवलेले असल्यामुळे सगळे उठले. सतरंज्या सरकल्या, खुर्च्या खरडल्या, कूपने उंचावली गेली. "नंबर काढा, नंबर!" अशी ओरड सुरू झाली. कमिटीने मागे वळून हात जोडले. "छान झालं, गुरुजी. आटोपशीर."

मी पोथी मिटली नाही. मिटता येतच नव्हती. कथेतला जीव संकटात असताना पोथी बांधून ठेवायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. त्याला सोडवायचे, मगच पोथीला फडके गुंडाळायचे. माझे गुरू तापाने फणफणले असतानाही अशा जागी थांबले नव्हते.

तो धावत माझ्यापाशी आला. "काय झालं गुरुजी? उठा ना. ड्रॉ तुमच्या हातनं काढायचा."

"मला उठता येत नाही."

"पाय धरला?"

"बैल अजून चिखलात आहे," मी म्हणालो. "पाणी त्याच्या मानेपर्यंत आले आहे. त्याला तिथे सोडून मी उठू शकत नाही. मूर्खा, कथा संपलेलीच नव्हती."

त्याचा चेहरा असा पडला की जणू खराच बैल त्याच्या अंगणात रुतला होता. त्याने एकदा पोथीकडे पाहिले, एकदा कुकरकडे. मग माईक तोंडाशी धरला.

"थांबा! थांबा मंडळी! चूक झाली. बैल पाण्यातच आहे अजून!"

लोक हसले. त्यांना तो विनोदच वाटला.

"हसू नका! खाली बसा! ओ काकू, कूपन खाली. ओ साहेब, चप्पल काढा परत."

"अरे, ड्रॉ काढ की!" मागून कुणीतरी ओरडले. "पोरं कंटाळलीत."

त्याने कुकर उचलला, पोटाशी धरला आणि स्टुलावर स्वतः बसला. "बैल सुटल्याशिवाय कुकर नाही!"

माझ्या उभ्या आयुष्यात धर्मकार्यासाठी याहून हीन साधन वापरलेले मी पाहिलेले नाही. लोक कुरकुरत बसले. कमिटीही बसली. कुकरच्या लोभाने ओलीस धरलेल्या त्या जमावापुढे मी उरलेले श्लोक म्हटले. एका तरुण गाडीवानाच्या रूपाने देव आला, हे सांगितले. त्याने कुठलाही चमत्कार केला नाही. तो चिखलात उतरला, त्याने बैलाच्या पोटाखाली आपला खांदा दिला आणि रेटत राहिला. बैल काठावर आला, आणि त्याने जिभेवरचे पान त्या गाडीवानाच्या मातकट पायावर ठेवले.

कुणी टाळी वाजवली नाही. लोक स्टुलावरच्या त्याच्या खुणेची वाट पाहत होते. मीही, सवयीने नव्हे तर धास्तीने, त्याच्याकडे पाहिले. तो कुकर पोटाशी धरून तसाच बसला होता. त्याचे तोंड उघडे होते. हात वर करायचे असतात हे तो विसरला होता.

मग भानावर येऊन म्हणाला, "सुटला. चला, नंबर बोलतो."

कुकर पहिल्या गल्लीतल्या एका बाईंना लागला. त्यांच्याकडे तसे दोन होते.

कमिटीचा निर्णय दुसऱ्याच दिवशी आला. गर्दी उत्तम जमली, सबब रविवार पोथीलाच द्यावा. मात्र दर रविवारी काहीतरी वस्तू ठेवावी. चिटणीस म्हणाले, "लहानशी. मिक्सर वगैरे." मी त्यांना सांगितले की वस्तूशिवाय पोथी होईल, किंवा पोथी होणार नाही. त्यांनी दुसरा पर्याय आनंदाने स्वीकारला आणि रविवार त्याला दिला. त्यानेही तो घेतला. मी त्याच्याकडून दुसरी अपेक्षा केली नव्हती.

पण पुढच्या रविवारी दुपार कलताना तो दारात आला. "चला गुरुजी. माझी मांडामांड चालती तासभर. कमिटीला मी सांगितलंय, तेवढ्या वेळात हॉलमधी कुणी यायचं नाय, वायरी असतात. तुम्ही गाभाऱ्यासमोर बसा. माईक बंद ठेवतो."

"ही चोरी झाली," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "चला."

ते उरलेले रविवार मी असे काढले. माझे मोजके श्रोते मागच्या दाराने येत. आजूबाजूला खुर्च्या आपटत, फुगे फुगत, आणि मधूनच एखादा फुटे. तो वायरी ओढत माझ्या बाजूने जाई तेव्हा पाऊल हलके टाकी. कधी वायर हातात धरूनच उभा राही आणि दबक्या आवाजात विचारी, "आज कुणी अडकलंय का?" अडकले असेल तर तो सुटेपर्यंत जनरेटर सुरू करत नसे. मग पोथीला फडके बसले की लगेच जांभळा कोट, लगेच तो कर्कश आवाज, लगेच वेण्या. माझी तुच्छता जिथल्या तिथे होती. आजही आहे.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात तो दिसेनासा झाला. चिटणीस म्हणाले, पुण्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टमध्ये लागला आहे, तिथे रोजच रविवार असतो. त्याच्यामागे दुसरा कुणी टिकला नाही. धमाल बंद पडली. रविवार कुणालाच नको होता, म्हणून कमिटीने तो मला परत दिला. आता सभामंडप शांत असतो. पंखे फिरतात. श्रोत्यांपैकी एक-दोघे सुखाने झोपतात. मला हवे होते ते सगळे मला मिळाले आहे.

श्रावणात बैलाचा अध्याय येतो. पाणी मानेला लागते, बेलाचे पान वाहत येते, बैल ते जिभेवर घेतो. तिथे पुढचा श्लोक लगेच सुरू करायचा असतो. माझ्या गुरूंनी तिथे कधी श्वासही लांबवला नाही. पण माझी नजर खांबापाशी जाते. तिथले स्टूल कुणी हलवलेले नाही. दोन हात वर जाऊन एकमेकांवर आपटायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी थांबतो. काहीच वाजत नाही. मग मी बैलाला सोडवायला घेतो.