भिकनचा कान

भिकन गेल्याची बातमी मला तळोद्याच्या कोळशाच्या वखारीत कळली. मी कोळसा चाळून पोत्यांत भरत होतो, हात कोपरापर्यंत काळे, आणि नंदुरबारहून आलेला ओळखीचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "आनंदा, भिकन गया रे. काल सांजले." माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगूनच टाकतो, कारण मेलेल्या माणसावर लिहिताना सगळेच फार गोड लिहितात आणि मला ते जमणारं नाही. पहिलं आलं ते असं, की आता मालमोटार माझी. आणि लगेच दुसरं आलं, की घ्या, इथेही हाच पुढे! मी त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मरायचा मानसुद्धा त्याने माझ्या आधी घेतला... मग पोत्यांवर बसून मी रडलो. गाडीवानाने पाणी आणून दिलं, तेही प्यायलो नाही.

ही पुरवणी वाचणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांनी आमची गाडी पाहिली असेल. भिकन तिचा ड्रायव्हर, मी त्याच्या शेजारचा क्लीनर. लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर गेलं, तेव्हा आमच्या शेठनी मालमोटारीच्या पाठीला लोखंडी पिंप बसवून घेतलं. पिंपात लाकडाचा कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, आणि त्या धगीतून निघणारा गॅस नळीने इंजिनात सोडायचा. गॅसमध्ये हवा किती मिसळायची ते स्टिअरिंगजवळच्या एका दांडीवर ठरे. हवा जास्त झाली की इंजिन शिंका देई, कमी झाली की गुदमरून बसे. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी केसभर जागा असे, तिथे दांडी थांबली की गाडी एकदम वेगळीच बोलू लागे. आम्ही त्याला 'गाडी गोड झाली' म्हणत असू. ती जागा दाखवणारा ना काटा, ना घड्याळ. मी एकदा कानस घेऊन दांडीखालच्या पत्र्यावर खूण केली होती. दुसऱ्या दिवशी खैराऐवजी दुसऱ्या कुठल्या लाकडाचा कोळसा आला, तोही दमट, आणि माझी खूण कवडीच्याही कामाची राहिली नाही. वासावरून ओळखावं, तर हंगामात मागे मिरचीची पोती भरलेली. दोन कोस गेलो की नाकाला मिरचीखेरीज काही कळतच नसे.

राहिला कान, आणि कान म्हणजे भिकन. शहाद्यापासून नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत लोक म्हणत की भिकनला कोळशाचं झाडसुद्धा आवाजावरून कळतं. लोक म्हणत, कारण तो स्वतःच तसं सांगत फिरे. बढाया मारण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. अंगाला अत्तर, डोळ्यांत सुरमा, आणि तोंड अखंड चालू. दुसऱ्याला बोलूच देत नसे. पाठीमागून दहा हाका मारा, वळून बघेल तर शपथ! मला वाटे, काय हा माज. प्रकाश्याला तापी उतरून पलीकडची दरड चढायच्या आधी तो गाडी थांबवी, बॉनेट उघडून कडुलिंबाच्या काडीचं एक टोक इंजिनावर टेकवी, दुसरं दातांत धरी, डोळे मिटी. हमाल श्वास रोखून बघत. मग तो येऊन आपल्या जागी बसे, दांडी हळूहळू सरकवी, आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत हसत राही. अगदी रोखून. "आयक, आयक, कशी बोली ऱ्हायनी! तुन्हा कानमा कापूस शे का रे?" आणि नेमकी त्याच क्षणी गाडी गोड होई. माझ्या पोटात आग पडे. गोड झालेली मला कळत होती हो! माझाही कान काही दगड नव्हता. पण दांडीवर हात त्याचा, बसायची जागा त्याची, आणि दरडीच्या माथ्यावर शाबासकी मिळायची तीही त्याला.

त्याची ती काडीही मी करून पाहिली. तो जेवायला बसला की गुपचूप बॉनेट उघडायचं आणि काडी दातांत धरायची. इंजिनाने असा काही दणका दिला की माझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे, आरशात रोज दिसतो. घरी बायकोने विचारलं तर भाकरीत खडा आला म्हणून सांगितलं. तिने पीठ चाळलं होतं, त्यामुळे ती चार दिवस बोलली नाही.

खरं वैर झालं ते दुसऱ्या गाडीवरून. शेठनी आणखी एक मोटार घेतली, तिलाही पिंप बसवलं आणि मला म्हणाले, "ही तुझी, आनंदा." म्हसावदच्या बाजूचा माल मी आणायचा, असं ठरलं. मी घरी पेढे नेले, शेजारीपाजारी वाटले. दुसऱ्या सकाळी भिकन शेठसमोर जाऊन उभा. "आनंदा नही, ते भिकन बी नही." झालं! शेठना भिकन सोडवेना. दुसऱ्या गाडीवर धुळ्याकडचा कोणी माणूस आला आणि मी पुन्हा डावीकडच्या जागेवर. मी विचारलं, "अरे, मन्हं वाईट काब्र करस?" तर हा गालात हसून दुसरंच काही बोलायला लागला. मला वाटलं, याला आपला पराक्रम बघायला कोणीतरी रोज शेजारी हवा आहे. पेढे वाटलेल्या घरांपुढून जाताना मी कित्येक दिवस मान खाली घालून जात असे. त्याबद्दल मी त्याला माफ केलं नाही, आणि तो गेला म्हणून आज करतो असंही नाही.

तो तापाने अंथरुणाला खिळला तेव्हा मला वाटलं, आता तरी शेठ किल्ली देतील. कसली देतात! "भिकन उठेल मग बघू." गाडी शेठच्या वखारीत उभी, मी बैलगाडीने तळोद्याहून कोळसा आणतोय. तळोद्याला निघायच्या आदल्या दिवशी त्याला भेटायला गेलो. पार सुकला होता, अत्तर मात्र होतं. मी खाटेजवळ बसलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग राहवेना. समोर वाकून सरळ विचारलं, "भिकन, कसं वळखस रे तू?" त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि खोकला येईपर्यंत हसला. "तुन्हा तोंडवर लिखेल शे सगळं." मरायला टेकलेला माणूस, आणि तरी मला चिडवतो आहे! मी उठून चालू लागलो. तीच भेट शेवटची ठरली... दफनालाही मी पोचलो नाही, रस्त्यात होतो.

काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो. वहिनी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच काढायचे ते चार महिने, म्हणून पडद्याआडूनच बोलल्या. चहा पाठवला. मी आपलं रीतीचं बोलायचं म्हणून म्हणालो, की भिकनसारखा कान आता या मुलखात होणे नाही. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यासले आयकू कोठे येत व्हतं? मोलगीना जंगलमा हिवताप व्हयना व्हता, कोयनेल खाईखाई कान गयात. लढाईना पहिले." मला वाटलं, दुःखाने काहीतरी बोलताहेत. मी म्हणालो, वहिनी, मग गाडी कोण जुळवत होतं, आणि ती काडी? त्या म्हणाल्या, "काडी लोकंसले दखाडाले. शेठले समजतं ते हातनी गाडी गयी व्हती. ते मले सांगेत, आनंदानं तोंड कडू व्हयनं, का गाडी गोड व्हयनी समजानं." आणि म्हणाल्या, "तुम्हीच ते त्यासना कान व्हतात, भाऊ."

चहा तसाच ठेवून मी बाहेर पडलो. मंडळी, काय सांगू! ज्या कानाचा मी इतकी वर्षं हेवा केला, तो कान माझाच होता. गाडी गोड झाली की मी जळायचो, माझं तोंड वाकडं व्हायचं, आणि ते बघून हा पठ्ठ्या दांडी तिथेच सोडायचा. म्हणून मला शेजारून हलू दिलं नाही. म्हणून माझी मोटार गेली. शिव्या दिल्या मी त्याला, स्टेशनरोडवर, मोठ्याने, लोक बघत होते तरी. आणि त्या शिव्या देता देता पुन्हा हेवाच वाटला. माझं तोंड माझ्या बायकोला इतक्या वर्षांत वाचता आलं नाही हो, आणि या बहिऱ्याने ते असं वाचलं!

शेठनी शेवटी किल्ली दिली. पहिल्याच फेरीला मिरची भरून तापी उतरलो, दरडीला लागलो, आणि अर्ध्यावर इंजिन गुदमरलं. हमालांनी धावत येऊन चाकांना दगड लावले, गाडी कशीबशी खाली घेतली, पंखा फिरवून इंजिन पुन्हा चालू केलं. कान माझा, हे तर आता ठाऊक होतं. पण उजवीकडे बसून दांडी हलवू लागलो की आवाज नुसता आवाज वाटे. हे बरं की ते बरं, काही केल्या ठरेना. ऊन चढत होतं, हमाल एकमेकांकडे बघायला लागले होते. मग इंजिन चालतं राहावं म्हणून मी हाताचा थ्रॉटल ओढून ठेवला, स्टिअरिंगवरून उठलो आणि डावीकडच्या माझ्या जुन्या जागेवर जाऊन बसलो. तिथूनच हात लांब करून दांडी धरली आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बसला होता. सुरमा घालून, रोखून बघत, हसत. मी दांडी सरकवत गेलो... सरकवत गेलो... आणि एका जागी माझ्या तोंडाला तीच जुनी कडू चव आली. हात तिथेच थांबवला. उजवीकडे सरकलो, गिअर टाकला आणि गाडी एका दमात माथ्यावर नेली.

वर हमालांनी पागोटी उडवली. "चढनी रे!" ते ओरडत होते, "भिकननी गाडी चढनी!"