बी विंगचा वेगळा गणपती

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या सोसायटीच्या ए विंगमध्ये नागपूरकडचे एक काका राहायचे, तिथल्याच एका कंपनीतून निवृत्त झालेले. दर एक मेला ते काळी फीत लावून खाली यायचे आणि विदर्भ वेगळाच व्हायला हवा, तिथलं सगळं मुंबई-पुण्याच्या दारात जातं, असं ऐकवायचे. मला त्याचा वैताग यायचा.

एका वर्षी बी विंगने वेगळा गणपती बसवायचं काढलं. काका बैठकीत भडकले, "एका सोसायटीत दोन गणपती कशाला?"

बी विंगमधली एक बाई म्हणाली, "काका, राबायला आमी, आन मंडप कायम तुमच्या दारात. आमचं कोन ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी बी विंगवाले मूर्ती ठरवायला पेणच्या एसटीत चढले, तेव्हा काकांनी रुमाल टाकून त्यांच्या जागा धरल्या होत्या.