खुर्चीला हात लावण्याआधी

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि माझ्या पाठीच्या मधोमध एक पांढरट डाग दाखवला. "ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात ह्याला," ते म्हणाले. "मणक्यातून मज्जारज्जू जातो, वायरींच्या जुडग्यासारखा. त्याला एका जागी आडवी सूज आली आहे. तिथून खाली निरोप जात नाहीत. म्हणून पाय हलत नाहीत आणि लघवीही होत नाही."

मी स्ट्रेचरवर पडून ऐकत होतो. उशाशी माझी बायको संगीता उभी होती. तिनं विचारलं, "चालतील ना पण?"

"काहींचं सगळं परत येतं, काहींचं अर्धं येतं, काहींचं येत नाही. आज मला सांगता येणार नाही."

नांदेडच्या त्या डॉक्टरांचा मला तेव्हा फार राग आला. आता येत नाही. पुढं वर्षभर लोक माझ्याशी जसं बोलले, त्यामानानं ते बोलणं सोन्यासारखं होतं.

मी बसवर कंडक्टर. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. बारा वर्षं गर्दीत उभं राहून तिकिटं फाडली. एका सोमवारी ड्युटीवर असताना कमरेभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटलं. मंगळवारी तळपायाखाली सतरंजी असल्यासारखं झालं. ओळखीचा एक जण मणका बसवतो, त्याच्याकडं गेलो. त्यानं दोन दिवस तेल लावून पाठ पिळली. बुधवार दुपारपासून लघवी बंद. गुरुवारी खाटेवरून पाय खाली टाकला तर तो माझा नव्हताच.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. बधिरपणा पायातून वर चढू लागला आणि लघवी अडली, तर तेलवाल्याकडं जाऊ नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. माझे दोन दिवस वाया गेले. मी गेलो म्हणून गेले, ह्याचा राग मी आजवर गिळलेला नाही.

पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. म्हणजे सूज उतरवायचं जोरदार औषध. मग फिजिओथेरपी, म्हणजे पायांना पुन्हा कामाला लावायचे व्यायाम. फिजिओच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली. "तुमच्या पायाला लागलं तर तुम्हाला कळणार नाही. दुखणं म्हणजे शरीराचा वॉचमन. तुमचा वॉचमन रजेवर आहे. रोज आरसा धरून तळपाय बघायचे."

रोज बघितले. दहा महिन्यांनी वॉकर धरून अंगणात बारा पावलं टाकू लागलो. लांब जायचं तर व्हीलचेअर.

खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की लोक तुमच्याशी बोलायचं सोडतात. कुणी घरी आलं की संगीताला विचारायचं, "ह्यांना चहा चालतो का?" मी समोर बसलेलो. संगीता एकदा म्हणाली, "त्यांनाच इचारा की. पाय गेलेत, कान न्हाई गेले."

माझी पोरगी आरती तेरा वर्षांची. दुसऱ्या जिल्ह्यात एक मोठा थीम पार्क आहे, पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, जंगलातून फिरणारी छोटी आगगाडी. मी आजारी पडायच्या आधीपासून तिला तिथं न्यायचं ठरलं होतं. नंतर तिनं ते नाव काढलं नाही. तेच मला टोचायचं. दिवाळीच्या सुटीत मीच म्हणालो, "चला जाऊ." मेहुण्यानं गाडी काढली, आम्हाला दारात सोडलं आणि आपल्या कामाला गेला.

तिकिटाच्या खिडकीतला माणूस माझ्या डोक्यावरून संगीताला म्हणाला, "पेशंट आत कुठं कुठं जाणार?"

मी म्हणालो, "पेशंट दवाखान्यात असतो. मी पार्क बघायला आलोय."

आत गर्दी दाट होती. गर्दी मला नवी नव्हती. पण उभ्या माणसाची गर्दी वेगळी आणि बसलेल्याची वेगळी. माझ्या तोंडासमोर पाठी आणि पिशव्या होत्या. लोक वळसा नको म्हणून माझ्या पायांवरून ढेंगा टाकत होते. एका बाईनं फोन काढायला हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि बोलून झाल्यावर उचलून नेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी काय टेबल होतो? रॅम्प, म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेला उतार, बराबर होता. पण त्याच्या तोंडाशी कुंड्या मांडून फोटो काढायची जागा केली होती. आरती दर वेळी पुढं जाऊन "जरा वाट द्या" म्हणायची. सुटीत मजा करायला आलेली पोर तासभर हेच करत राहिली.

आगगाडीच्या रांगेत बॅटरीच्या स्कूटरवर बसलेली एक बाई भेटली. तीन चाकांची, हळू चालणारी, बसूनच फिरायची स्कूटर. लहानपणी पोलिओ झालेला, कुरुंद्याच्या शाळेत शिकवते म्हणाली. नाव वर्षा. तिच्या मागचा माणूस कुरकुरत होता, "ह्या गाड्या आत सोडतात काहून? लेकरांच्या पायाला लागतंय."

वर्षाताईंनी स्कूटर थांबवली आणि वळून शांतपणे विचारलं, "आजवर कुणाला लागलं? तुम्ही मोबाइलात बघत माझ्यावर येऊन राहिलात. मी दोनदा थांबले." त्यानं मोबाइल खिशात घातला. मला म्हणाल्या, "रोजचंच आहे दादा. चूक कुणाचीबी असो, चाकवाल्याच्याच माथी."

थोड्या वेळानं रांग सरकली. माझी खुर्ची उताराच्या कडेला होती, संगीता पाणी आणायला गेली होती. गॉगल घातलेला एक माणूस त्याच्या घरच्यांना घेऊन घाईत आला. मी त्याच्या वाटेत होतो. त्यानं काही न बोलता खुर्चीच्या दांड्या धरल्या आणि मला ढकलत उतारावरून खाली नेलं, एखादी हातगाडी बाजूला करावी तसं. मी "थांबा, थांबा" म्हणत होतो. झटक्यानं डावा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून खाली पडला आणि पुढच्या चाकात गेला.

मला काही कळलं नाही. आरती धावत आली आणि ओरडली, "पप्पा, रक्त."

चपलेत रक्त साचलं होतं. अंगठ्याचं नख उखडलं होतं, टाचेची कातडी सोलली होती. आणि मला काहीच दुखत नव्हतं. त्याची जी भीती वाटली ती सांगता येत नाही.

मी त्या माणसाला थांबवलं. तो म्हणाला, "अहो, मी मदतच केली ना? तुमी रस्त्यात होते."

"मला इचारलं का?"

"त्यात इचारायचं काय?"

गार्ड आला, तोवर संगीताही पाणी घेऊन परतली होती. त्यानं त्या माणसाला काही विचारलं नाही. संगीताला म्हणाला, "ताई, अशा पेशंटला गर्दीत आणता काहून? तकलीफ तुमालाच होती."

प्रथमोपचाराची खोली कुठं, असं मी विचारलं. त्यानं बोट दाखवलं. खोली सहा पायऱ्या वर होती.

वर्षाताईंच्या स्कूटरच्या टोपलीत बँडेज होतं. त्यांनी वाकून माझा पाय बांधला. आरती बाजूला उभी राहून रडत म्हणत होती, "माझ्यामुळं झालं. आपण यायलाच नको होतं." तो माणूस घरच्यांना घेऊन तोवर आगगाडीत बसला होता.

पुन्हा नांदेड. डॉक्टरांनी जखम बघितली. "जिथं संवेदना नाही तिथं जखम लवकर भरत नाही. हाडाला जंतू लागला तर ऑस्टिओमायलायटिस होतो, म्हणजे हाड आतून सडतं. पायावर भार टाकायचा नाही." सहा आठवडे ड्रेसिंग. वॉकर भिंतीला टेकून उभा. जखम भरली, पण उभं राहिलो तर बारा पावलांची तीन झाली होती. मदत म्हणून केलेल्या त्या एका ढकलण्यानं माझी नऊ पावलं नेली.

त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट आठवत राहिली, ती न सांगता हे लिहिणं खोटं होईल. आमच्या बसला कुबड्यांवर चालणारा एक म्हातारा यायचा. वेळ जाते म्हणून मी त्याला काखेत हात घालून उचलायचो आणि पायरीवर ठेवायचो. तो दर वेळी म्हणायचा, "थांब रे, मी चढतो." मी हसायचो. लोक म्हणायचे, कंडक्टर मोठ्या मनाचा आहे. मलाही तसंच वाटायचं. त्या म्हाताऱ्याला मी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून गॉगलवाल्याला माफ केलं का? नाही. मला माझाही राग येतो आणि त्याचाही येतो.

पार्कला पत्र लिहिलं. पायाचा फोटो जोडला. उत्तर आलं, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, कृपया गर्दीच्या दिवशी येणं टाळावं. सोबत फुकट पास. पास परत पाठवले. दुसरं पत्र वर्षाताई आणि मी मिळून लिहिलं. त्यात दोनच मागण्या होत्या. कुंड्या हलवा. प्रथमोपचाराची खोली खाली आणा. त्याला उत्तर आलं नाही.

आरती म्हणत होती, पुन्हा नको. संगीता म्हणाली, "न्हाई गेलो तर त्या गार्डचंच खरं होईल." मग उन्हाळ्याच्या सुटीत, मुद्दाम रविवारी गेलो. वर्षाताईही आल्या. कुंड्या हलवल्या होत्या. खोली वरच होती. गर्दी तीच, पाठी त्याच. एकानं दांड्यांकडं हात नेला, तेव्हा आरतीनं मध्ये हात घातला आणि म्हणाली, "आधी त्यांना इचारा." ह्या वेळी ती रडली नाही.

आगगाडीपाशी टोपी घातलेल्या एक वयस्कर बाई माणसं बसवत होत्या. माझ्यासमोर येऊन त्या वाकल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दादा, धरू का, का तुमचं तुमी बसता?"

मी म्हणालो, "उजव्या बाजूनं धरा. डावा पाय आधी वर ठेवा."

त्यांनी तसंच केलं. आरती शेजारी बसली, गाडी निघाली. ह्या आजारात ज्यांनी मला सांभाळलं त्यांचे आभार मानायचे तर डॉक्टर, फिजिओच्या बाई, वर्षाताई, संगीता, सगळ्यांचे मानतो. त्या टोपीवाल्या बाईंचेही मानले. त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं इचारलं."

तेवढ्यासाठी माणसाला आभार मानावे लागतात, ह्याचा मला अजून राग आहे.